सावकाश जेवणारे जीव

जरा डोळे मिटा बघू. असा एक समुद्र मनात आणा, ज्यात एकही मासा नाही. काठावर झाड नाही, गवताचं पातं नाही, आकाशात पाखरू नाही. सगळीकडे शुकशुकाट. फक्त लाटा येतात आणि जातात… आता खाली चला. अगदी तळाशी, काळ्या चिखलात. तिथे मात्र गजबज आहे! डोळ्यांना दिसणार नाहीत इतके लहान जीव दाटीवाटीनं राहतायत. हवा नाही, उजेड नाही, खायलाही जेमतेमच. तरी त्यांचं बरं चाललंय.

त्या चिखलाचा पुढे दगड झाला. डोंगर उठले, झिजले, पुन्हा उठले. अब्जावधी वर्षं गेली. आणि मग एका पावसाळी संध्याकाळी त्या दगडाचा एक तुकडा कापडी पिशवीत बसून एका बसमध्ये चढला.

उघडा डोळे. गोष्ट इथून सुरू होते.

ती बस होती एका संशोधन संस्थेची. कामावरून घरी निघालेल्या माणसांनी खच्चून भरलेली. तरी एक जागा रिकामी होती. खिडकीशी एक उंच, किडकिडीत माणूस मांडीवर आपली भाची घेऊन बसला होता, त्याच्या शेजारची. ती जागा रोजच रिकामी असायची. कारण हा माणूस प्रयोगशाळेत बंद बाटल्यांमध्ये असेच चिखलातले जीव वाढवायचा, आणि ते जीव जो वायू सोडतात त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. तो वास त्याच्या केसांत, शर्टात, डब्याच्या पिशवीत जाऊन बसला होता. लोक त्याला ‘बाटलीवाले’ म्हणायचे आणि चार हात लांब बसायचे.

त्या संध्याकाळी त्या दगडाची पिशवी घेतलेली एक तरुण मुलगी निथळत बसमध्ये चढली, रिकामी जागा पाहून तिचा चेहरा उजळला आणि ती धपकन बसली.

भाची टक लावून बघत राहिली. तिचं नाव चिंगी. शाळा सुटली की ती मामाकडे यायची, कारण तिच्या आईचं शिवणाचं दुकान संध्याकाळीच जास्त चालायचं.

“तुम्हाला वास नाही आला?” चिंगीनं विचारलं.

“कसला गं?”

“मामाचा.”

“चिंगे!” मामा कानापर्यंत लाल झाला.

मुलीनं नाक ओढून पाहिलं. नाकाचा शेंडा नुसता गाजर झाला होता. “मला सर्दी झालीय. गुलाब काय नि गटार काय, सध्या सगळं सारखंच.”

“मग बसा,” चिंगी उदारपणे म्हणाली.

बस वळली, पिशवी घसरली आणि नेमकी मामाच्या पायावर पडली.

“आई गं!”

“अगोबाई, लागलं का? सॉरी हं… दगड आहे त्यात.”

“दगड घेऊन फिरता? कुणाला मारायला?”

“अजून ठरवलं नाही,” ती म्हणाली. भिजलेल्या चष्म्याआडून तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि तो हसला… मग उगाचच खिडकीबाहेर बघू लागला.

आठवड्याभरात तिची सर्दी गेली. त्या दिवशी ती बसमध्ये चढली तेव्हा मागे चांगली दोन-तीन बाकं मोकळी होती. ती येऊन त्याच्याच शेजारी बसली.

“सर्दी… बरी झाली वाटतं?” त्यानं विचारलं.

“कालच.”

“मागे जागा आहे.”

“दिसतेय मला.” तिनं हात लांब करून खिडकीची काच बोटभर सरकवली आणि तिथेच बसून राहिली.

यानंतर चिंगीनं तिला दगडताई म्हणायला सुरुवात केली. दगडताईही पिशवीतला दगड काढून तिच्या हातावर ठेवायची. करडा, थंडगार दगड, आणि त्यात बारीक बारीक चमचमते कण.

“सोनं!”

“सोनं असतं तर मी बसनं आले असते का? लोखंड आणि गंधक आहे ते. आता नीट ऐक हं. गंधकाचे कण सगळे दिसायला-वागायला सारखेच. पण त्यातले काही किंचित हलके असतात, काही किंचित जड. आपल्याला फरक कळणार नाही. चिखलातल्या जीवांना मात्र कळतो. ते पाण्यातलं गंधक वापरतात ना, तेव्हा हलकं आधी उचलतात. त्यांना ते सोपं जातं.”

“म्हणजे माझ्यासारखं. मी पण हलकं दप्तर आधी उचलते.”

“अगदी तस्सं. मग त्यांनी सोडलेल्या वायूत हलकं गंधक जास्त. तोच वायू चिखलातल्या लोखंडाला भेटला आणि हे चमचमते कण झाले. जीव कधीच मेले, चिखलाचा दगड झाला. पण त्यांनी जे निवडलं, ते अजून इथे आहे.”

मामा ऐकत होता. रोज बाटल्या धुणाऱ्या त्या माणसाला त्याच्याच जीवांबद्दल कुणी इतक्या कौतुकानं सांगितलं नव्हतं.

“मग हे त्यांनीच केलंय, हे नक्की?” त्यानं विचारलं.

तिचा चेहरा जरा उतरला. “तिथेच तर घोडं अडलंय. या दगडात हलक्याजडाची तफावत फार मोठी आहे. संस्थेचे मोठे सर म्हणतात, जिवंत जीव एवढी तफावत करून दाखवतील तर मी मानीन. नाहीतर हा दगड बाजूला ठेवा, तुमचं म्हणणं मागे घ्या.” ती थांबली. “कितीतरी वर्षं घालवलीत मी या दगडावर. आता… तुमच्या बाटल्याच काय ते सांगतील.”

आणि बाटल्या तिच्यासाठी कामाला लागल्या. मामा जाड रबरी बुचातून सुई खुपसून आत खाणं सोडायचा, आणि ती शेजारी उभी राहून श्वास रोखून बघायची. बाटली उजेडात धरताना दोघांची डोकी जवळ यायची. मग दोघंही एकदम मागे व्हायची, आणि दोघंही एकदम “सॉरी” म्हणायची. चिंगी कपाळावर हात मारून घ्यायची. बसथांब्यापासून घराच्या वळणापर्यंत एकच छत्री असायची. मध्ये चिंगी कोरडी ठणठणीत, आणि दोन बाजूंना दोन ओले खांदे.

“तुम्ही इकडे या ना जरा,” तो म्हणायचा.

“मी इकडेच आहे. छत्रीच तिकडे चाललीय.”

पण एक गोष्ट दोघांनाही ठाऊक होती. ती इथे या कामापुरतीच आली होती. निकाल लागला की तिला आपल्या गावी परतायचं होतं. तिकडे तिचे बाबा एकटे होते, डोळ्यात मोतीबिंदू झालेला. ऑपरेशन ती येईपर्यंत थांबवून ठेवलेलं.

“काल बाबांनी चहात साखरेऐवजी मीठ घातलं,” एकदा ती बसमध्ये म्हणाली. हसत म्हणाली, पण आवाज ओला होता. “वर सांगतात, वेगळी चव लागली हो! निकाल लवकर लागला असता ना, तर बरं झालं असतं.”

दुसऱ्या दिवशी मामानं बाटल्या उबदार कपाटात हलवल्या आणि रोजच्यापेक्षा कितीतरी जास्त खाणं दिलं. त्याच्या मते यात वावगं काहीच नव्हतं. पोट भरलं की जीव खूश, खूश झाले की काम झपाट्यानं! त्यानं तिला सांगितलंही नाही. पटकन निकाल हातात ठेवू, हाच विचार.

बाटल्या पाहता पाहता काळ्याकुट्ट झाल्या. तिनं वायूतलं हलकं-जड गंधक मोजलं. आणि मग पुन्हा एकदा मोजलं.

तफावत जेमतेम होती. दगडातल्या तफावतीच्या पासंगालाही पुरणार नाही इतकी.

“माझं चुकलं असेल,” ती त्याला म्हणाली. “काय करणार! शुक्रवारी मीटिंगमध्ये सांगून टाकते, की माझं म्हणणं मागे घेते.” पिशवीतल्या दगडावरून तिनं हात फिरवला. “शनिवारची गाडी आहे.”

शुक्रवारी दुपारी मामा प्रयोगशाळेत बसला होता. कामात लक्ष नव्हतं. शाळा लवकर सुटल्यामुळे चिंगी जमिनीवर मांडी घालून बसली होती आणि आईच्या दुकानातल्या बटणांचा डबा तिनं पुढ्यात घेतला होता. बटणं सगळी काळी, एकाच मापाची. काही प्लास्टिकची, काही धातूची. आईला हलकी तेवढी हवी होती. चिंगी एकेक उचलायची, तळहातावर तोलायची, जड लागलं की परत डब्यात टाकायची. पुन्हा उचलायची. वाटीत हलक्या बटणांचा ढीग साठत होता.

“चिंगे, आवर. आईनं दुकानात बोलावलंय तुला.”

“थांब ना मामा.”

“थांबायला वेळ नाही. चल, पटपट!”

चिंगीनं तोंड वाकडं केलं, दोन्ही हातांनी डब्यातली बटणं उपसली आणि वाटीत ओतली. हलकी, जड, सगळी एकत्र.

“अगं, हे काय! निवडत होतीस ना?”

“तूच घाई केलीस! घाईत कसं निवडणार? उचलून परत ठेवायला वेळ नको का?”

मामा उठला… आणि तसाच उभा राहिला. वाटीकडे बघत. मग उबदार कपाटाकडे बघत.

समुद्राच्या तळाशी खाणं जेमतेम असतं. तिथले जीव सावकाश जगतात. गंधक उचलतात, परत ठेवतात, पुन्हा उचलतात. आणि त्यानं काय केलं होतं? त्यांच्यापुढे ताट वाढून ‘पटपट’ म्हटलं होतं!

“मामा, तुला काय झालं?”

“चल,” म्हणत त्यानं तिचा हात धरला आणि जिना चढू लागला. अंगात तोच एप्रन, हाताला तोच वास.

मीटिंगची खोली भरलेली होती. दगडताई फळ्याशी उभी राहून हळू आवाजात बोलत होती. “…म्हणून ही खूण जीवांची नसावी, असं मला—”

“थांबा!” दारातून मामा म्हणाला.

पहिल्या रांगेनं नाकाला रुमाल लावले. मोठे सर चष्म्यावरून बघू लागले. “काय हो बाटलीवाले, आग लागलीय का?”

“नाही सर. चूक झालीय. माझी. त्यांची नाही.” त्याला धाप लागली होती. “मी बाटल्यांना भरपूर खायला घातलं. ऊबही दिली. जीव घाईत जेवले सर… निवडलंच नाही त्यांनी. दगडातले जीव असे जगलेच नसतील. हा निकाल धरू नका.”

खोलीत कुजबुज झाली. मोठे सर कपाळाला आठ्या घालून म्हणाले, “एवढी वर्षं बाटल्या सांभाळताय. घाई कशासाठी केलीत?”

मामानं मान खाली घातली. “मॅडमना… लवकर घरी जायचं होतं.”

फळ्याशी उभ्या असलेल्या मुलीच्या हातातला खडू खाली पडला.

सरांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि घसा खाकरला. “हं. पुन्हा करा मग. अर्धपोटी ठेवा त्यांना, चिखलात राहतात तसे. किती दिवस लागतील?”

“दिवसांत नाही व्हायचं, सर. पुढचा पावसाळा उजाडेल.”

“उजाडू दे. दगडाला कुठे गाडी पकडायचीय? तोवर यांचं म्हणणं मागे घेतलेलं नाही.”

बाहेरच्या व्हरांड्यात ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. चिंगी भिंतीला टेकून दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. पागोळ्या टपटपत होत्या.

“निकाल लागला की मी जाणार, हे ठाऊक होतं ना तुम्हाला?”

“हो.”

“मग हळूच चालू द्यायचं होतं! तेवढे दिवस तरी…” ती थांबली.

“तेवढे दिवस तरी काय?”

“काही नाही. आणि मी गेले असते तर? तुमचं काय?”

“माझं काय… माझ्याकडे बाटल्या आहेत.”

“बाटल्या!” ती हसली, आणि हसता हसताच तिनं डोळे पुसले. “अहो, खरं बोला की एकदा.”

तो एप्रनच्या गुंडीशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, “तुम्ही जाऊ नये असं वाटत होतं. रोज वाटत होतं. म्हणूनच तर घाई केली. उशीर झाला असता तर… मी मुद्दामच करतोय की काय, असं माझं मलाच वाटलं असतं.”

पाऊस जरा वाढला. मग तिनं त्याच्या बाहीला धरून त्याला पागोळ्यांखालून आत ओढलं, आणि बाही सोडलीच नाही.

“उद्या मी जाणार आहे,” ती म्हणाली. “बाबांचं ऑपरेशन करून येणार. आणि येताना त्यांनाच घेऊन येणार.”

“इथे? माझ्या… म्हणजे, त्यांना चालेल?”

“त्यांनी जन्मभर तपकीर ओढलीय. त्यांना तुमचा वास यायचा नाही.”

“आणि तुम्हाला?”

“मला येतो,” ती म्हणाली. “आला नाही, की चुकल्यासारखं होतं.”

त्या दुपारी तिघांनी मिळून नव्या बाटल्या भरल्या. चिंगीनं चिखल चमच्यानं मोजून दिला, मामानं बुचं लावली, आणि दगडताईनं सुईच्या टोकाशी येईल इतकंच खाणं आत सोडलं. सगळ्या बाटल्या थंड कपाटात ओळीनं ठेवल्या आणि काचेचं दार लावलं.

“आता काय करायचं?” चिंगीनं विचारलं.

“आता काहीच नाही,” मामा म्हणाला. “आता फक्त थांबायचं.”

चिंगीनं मान डोलावली. कोपऱ्यातलं स्टूल ओढत तिनं कपाटासमोर आणलं, त्यावर नीट बसली, हाताची घडी घातली, आणि थांबायला लागली.