अनंताच्या फांद्या

फणसवाडीतल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर नलू आणि तिचे थोरले भाऊ अण्णा, दोघंच राहत. दोघांचीही लग्नं झाली नव्हती. त्यामागे काही मोठी गोष्ट नव्हती. राहून गेलं, इतकंच. नलू विमा कंपनीतून निवृत्त झाली त्याच सुमाराला अण्णांची फुफ्फुसं बिघडली, आणि शेवटची काही वर्षं ते खिडकीखालच्या खाटेवर, ऑक्सिजनच्या मशीनला जोडलेले होते. मशीनला पाण्याची एक बाटली होती. हवा तिच्यातून बुडबुडत नाकातल्या नळीत जायची. तो आवाज घरात इतका मुरला की नलूला ऐकूच येईनासा झाला. मग अण्णा गेले. भाड्याचं मशीन माणसं येऊन घेऊन गेली, आणि त्या दुपारी तिला कळलं की आपल्या खोलीत काहीही वाजत नाही.

मजलाही रिकामा होत होता. चाळ पाडून टॉवर व्हायचा होता. एकेक बिऱ्हाड हललं, दारांना कुलपं लागली. उरल्या नलू आणि समोरच्या कौसल्याबाई. नलूने डोंबिवलीला, भाची रुचाकडे जायचं असं ठरलं होतं.

"येताना अण्णाकाकांचा अनंत आण हं, आत्या," रुचा फोनवर म्हणाली.

अनंत गॅलरीत पत्र्याच्या पिंपात होता. पिंपाचा तळ गंजलेला, मुळं पार कठड्याच्या फटीत घुसलेली. हलवला असता तर मेला असता. म्हणून मग रुचाने फांद्या जगवायचा एक व्हिडिओ पाठवला. झाकणाचा डबा घ्यायचा, झाकणाला भोकं पाडायची, त्यांत फांद्या अडकवायच्या. तळाला थोडं पाणी, आणि त्यात माशांच्या टाकीला लावतात तो हवेचा पंप. फांद्यांची टोकं पाण्यात बुडवायची नाहीत. बुडबुडे फुटून जे तुषार उडतात, त्यांवरच मुळं धरतात.

नलू नेटकी बाई. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या शोभेच्या माशांच्या दुकानातून तिने पंप आणला, दिवाळीच्या लाडवांच्या डब्याच्या झाकणाला तापल्या सळईने भोकं पाडली. फांद्या घट्ट बसायला स्पंज हवा होता. अण्णांची उशी फोमची होती. ती टाकवतही नव्हती आणि कुणाला देताही येत नव्हती. नलूने तिच्याच चकत्या कापल्या. एक भोक जास्तीचं पडलं होतं, त्यातून पाणी उडू नये म्हणून तिथे तिने नुसतीच चकती बसवली.

बटण दाबलं. डब्यात बुडबुड सुरू झाली.

नलू भिंतीला टेकून ऐकत बसली. मग आपल्या पलंगावर आडवी झाली आणि कित्येक दिवसांनी दुपारभर गाढ झोपली.

पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं ते इतकंच, की आवाज सलग येत नाहीये. बुडबुडे यायचे, थांबायचे, पुन्हा यायचे. तिने नळी तपासली, नळीच्या टोकाचा, बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड ब्रशने घासला. सलग झाला. संध्याकाळी पुन्हा तसाच. शेवटच्या महिन्यांत अण्णांचा श्वास जसा चाले तसा: दोन आखूड, एक लांब, मग थोडी वाट. पंप स्वस्तातला आहे, नलूने स्वतःला सांगितलं.

मग एके दिवशी कौसल्याबाई दारात आल्या. त्या एरवी थेट आत येऊन बसत. आज उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"नलूताई, पाहुणे आलेत का कुणी?"

"नाही हो. कोण येणार?"

"दुपारी खोकल्याचा आवाज आला. पुरुषाचा."

"पंप आहे तो. फांद्यांना लावलाय."

कौसल्याबाईंनी खिडकीखालच्या खाटेकडे पाहिलं. डबा तिथे होता. बटण तिथूनच जवळ पडतं, म्हणून नलूने तो खाटेवर हलवला होता.

"असेल," त्या म्हणाल्या. त्याच आठवड्यात त्या मुलाकडे निघून गेल्या. जाताना निरोप घ्यायला आल्या नाहीत.

फांद्यांना काही फुटलं का हे बघायला नलूने झाकण उचललं. टोकांवर जेमतेम पांढरे कण धरले होते. पण जास्तीच्या भोकातल्या त्या रिकाम्या चकतीखाली मुळांचा झुबका लोंबत होता. पांढरीशुभ्र, बोटांएवढी जाड, वीतभर लांब मुळं.

तिने झाकण वळवून वरून पाहिलं. वर काहीच नव्हतं. देठ नाही, पान नाही. नुसता फोम.

तिने एका मुळाला बोट लावलं. ते कोमट होतं.

झाकण बसवून तिने मोरीत जाऊन साबणाने हात धुतले. मग हात पुसता पुसता तिला वाईट वाटलं. आजारपणात अण्णांचं सगळं केलं तिने, पण त्यांच्यादेखत असे हात कधी धुतले नव्हते.

त्यानंतर तिने झाकण उघडलं नाही. बाहेर जाणं कमी झालं. दूध, भाजी, की परत घरी. जेवताना ताट घेऊन ती खाटेजवळ बसू लागली.

पुढे एका रविवारी रुचा आणि तिचा नवरा विनीत गाडी घेऊन आले. फांद्यांना आता छान मुळं आली होती. रुचाने त्या ओल्या कागदात गुंडाळून पिशवीत ठेवल्या, पंप बंद केला, नळी काढली.

"पंपही नेते गं. मला मनी प्लांट लावायचेत."

विनीत सामान घेऊन खाली गेला. रुचाने रिकामं झाकण उलटं केलं.

"ईऽ, आत्या, हे काय? याला फांदीच नाहीये."

ती चकती उपटायला गेली.

"राहू दे ते."

रुचाने हात मागे घेतला. आत्याचा असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता.

"आत्या, आजच चल ना. बॅग भरलेली आहे तुझी. मजल्यावर कोणी नाही गं आता."

"माहितीये मला. पुढच्या रविवारी येते."

"नक्की?"

"उशीर होईल तुम्हाला. नीघ."

गाडी वाडीबाहेर पडेपर्यंत नलू गॅलरीत उभी राहिली. मग आत येऊन तिने झाकण डब्यावर नीट बसवलं. देवाजवळ दिवा लावला. खाटेच्या कडेला बसली.

झाकणाच्या भोकांतून दिसणारं पाणी निश्चल होतं.

बराच वेळ काही झालं नाही. तिला रडू आलं, तेही तिने दाबलं, कारण रडण्यात काही ऐकू आलं नसतं.

मग तळातून एक बुडबुडा आला.

दुसरा.

एक लांब. थोडी वाट. पुन्हा दोन आखूड.

भिंतीवरचं बटण बंद होतं. त्याखालच्या सॉकेटमध्ये काहीही खोचलेलं नव्हतं.

नलूने पदराने डोळे पुसले आणि डब्याकडे वाकली.

"अण्णा," ती हळूच म्हणाली, "कूस बदलायचीय का रे?"

बुडबुडे थांबले. ऐकायला कुणी श्वास रोखून धरावा, तसे.