जागा शिल्लक नाही

माझ्याकडे साधा फोन आहे, बटणांचा. हे मी लाजत सांगत नाही आणि मिरवतही नाही. बातमीदारीत एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा या एकाच फोनवर. तो दोनदा गटारात पडला. एका मोर्च्यात माझ्याआधी लाठी त्यानेच खाल्ली. तरी तो बोलतो आणि ऐकतो, आणि फोनने एवढंच करावं असं माझं मत होतं.

त्याचा ताप काय असतो ते मात्र ज्याच्याकडे आहे त्यालाच माहीत. एक अक्षर उमटवायला बटण तीनदा दाबायचं. चौथ्यांदा दाबलं गेलं की पुन्हा पहिल्यापासून. आपल्या लिपीतला मेसेज आला की पडद्यावर नुसते चौकोन, म्हणून मराठीसुद्धा इंग्रजी अक्षरांतच लिहायची-वाचायची. शिवाय पोटात मेसेज मावतात फक्त शंभर. शंभर भरले की वरच्या कोपऱ्यात एक पाकीट लुकलुकायला लागतं आणि उघडून पाहिलं तर लिहिलेलं असतं, ‘जागा शिल्लक नाही’. जुना एक मिटवल्याशिवाय नवा येत नाही.

मी मिटवत नसे. बातमीदार कागद फाडत नाही. कंत्राटदाराची धमकी, साहेबाने दिलेला शब्द, तोच शब्द मोडतानाचा गुळगुळीत खुलासा, सगळं जपलेलं. पुरावा म्हणून. ते पाकीट सहा वर्षं लुकलुकत होतं आणि मी जगाला ठणकावून सांगत होतो, मेसेज करू नका, फोन करा.

आणि मग ताईचं ऑपरेशन निघालं.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. घरात आम्ही दोघंच. टाचेला खिळा लागला, तिने हळद-बिळद लावून महिनाभर लपवला, आणि विष घोट्यापर्यंत चढलं. डॉक्टर म्हणाले, पाऊल वाचवायचा प्रयत्न करतो. नाहीच जमलं तर कापावं लागेल, पण ते उघडल्यावरच कळेल. त्या क्षणी नातेवाइकाची सही हवी, आणि लगेच हवी. उशीर झाला तर पायावर भागणार नाही.

“मग आत्ताच घ्या ना सही,” मी खिडकीवरच्या कारकुनाला म्हणालो.

“आधी घेत नाहीत, काका. नियम आहे.”

“कुणी काढला हा नियम?”

“मागे एकाचा पाय उगाच गेला होता. पेपरात फार बोंब झाली. तेव्हापासून.”

ती बोंब माझी होती. पहिल्या पानावर, चार दिवस.

“तुम्ही पलीकडच्या हॉलमध्ये बसा,” कारकून म्हणाला. “गरज लागली तर मेसेज येईल. त्यात चार आकडे असतात. दारावर ते सांगायचे, मग आत सोडतात.”

“फोन करा. माझा फोन साधा आहे.”

“फोन नाही करत. मशीनच पाठवतं मेसेज. साध्यावर पण येतो.”

“आणि नाही आला तर?”

“येतोच हो.”

“मी विचारलं, नाही आला तर?”

“सगळ्यांना येतो, काका. तुम्हालाच बरा नाही येणार!”

तेवढ्यात ताईची गाडी ढकलत नेली. तिने माझी बाही धरली. “कापायचा म्हणाले तर कापू दे. नाटकं करू नकोस. एका पायावर उभी राहून तुला ओरडेन.”

“ओरडायला पाय कशाला लागतो?” मी म्हणालो. ती हसली, आणि दार बंद झालं.

हॉल अंगणापलीकडे होता. उंच छत, दुधी काचांच्या खिडक्या, भिंतीलगत एक लांबच लांब बाक. दुपारचे तीन वाजले होते. काचांतून येणारा उजेड साय धरल्यासारखा घट्ट होता. पंखा इतका हळू फिरत होता की पाती मोजता येत होती. फिनेलचा वास, त्याखाली ओल्या कापसाचा. बाकावर माणसं बसली होती, पण ज्याची त्याची मान छातीवर. शेजारी एक ग्रंथपाल बाई होत्या. त्यांचा नवरा आत होता. तेवढ्या जाग्या होत्या. मी फोन मांडीवर धरून बसलो. त्यांनी बघितलं.

“तुमचं पाकीट लुकलुकतंय.”

“सहा वर्षं लुकलुकतंय.”

“माझ्या आईचा असाच होता,” बाई म्हणाल्या. “म्हणजे भरलाय तो. मग नवीन मेसेज येणार कुठून?”

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. एकतीस वर्षं लोकांच्या निष्काळजीपणाचे वाभाडे काढले मी. आणि एवढी गोष्ट माझ्याच डोक्यात आली नव्हती.

“मिटवा की काहीतरी,” बाई म्हणाल्या.

“पुरावे आहेत हो.”

“कुठल्या कोर्टात दाखवणार?”

मी सगळ्यात जुना मेसेज उघडला, कंत्राटदाराची पहिली धमकी, आणि मिटवला. फोन लगेच वाजला. बारीक, लांबून आल्यासारखा. पाण्याखाली कुणी चमचा आपटावा तसा.

मेसेज रुग्णालयाचा नव्हता. वर नाव होतं, ‘दाढी’.

दाढी म्हणजे आमचा छायाचित्रकार. अकरा वर्षं आम्ही जोडीने फिरलो. सहा वर्षांपूर्वी एका बंद पडलेल्या रसायनांच्या गोदामाची बातमी करायला आम्ही निघालो होतो. तो पुढे गेला, मी दुसऱ्या कामात अडकलो, आणि गोदामाचं छत कोसळलं. तो आत होता. शेवटी त्याने मला काहीच कळवलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलो. त्याच्या बायकोलाही.

‘गेटवर आहे. येतोस ना?’

तारीख त्या दिवसाची. दुपारचे तीन दहा.

माझ्या लक्षात आलं. जागा नव्हती म्हणून हे बाहेर ताटकळत होतं. तारेत, हवेत, जिथे कुठे मेसेज थांबतात तिथे. इतकी वर्षं थांबतात का? मला कळत नव्हतं. मी दुसरा पुरावा मिटवला. फोन वाजला.

‘कुलूप नाही. आत कुणी नाही. थांबू का?’

तिसरा मिटवला.

‘वास फार आहे. दोन फोटो काढतो, निघतो.’

चौथा.

‘उत्तर तरी दे रे.’

ताईसाठीचा रुग्णालयाचा मेसेज याच रांगेत मागे कुठेतरी उभा होता, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी भराभर मिटवत गेलो. साहेबाचा शब्द गेला, खुलासा गेला, नगरसेवकाच्या शिव्या गेल्या. जेवढी जागा होई तेवढी दाढी भरून काढी. माझ्या जन्मभराच्या पुराव्यांच्या जागी तो एकेक येऊन बसत होता.

‘आता बरं वाटतंय.’

मी वेळ पाहिली. चार चाळीस. छत चार पंचवीसला कोसळलं होतं. ती वेळ मी स्वतः छापली होती.

मी भ्यायला हवं होतं. पण खरं सांगतो, भीती वाटली नाही. अंगावर कुणी मऊ पांघरूण ओढावं तसं वाटलं. बाकावरच्या सगळ्यांचा श्वास एका लयीत चालला होता. ग्रंथपाल बाईंचीही मान आता छातीवर उतरली होती. माझा अंगठा आपोआप चालत होता. तो माझा आहे असं वाटतच नव्हतं. मिटव, वाच. मिटव, वाच.

‘इथे शांत आहे.’

‘उजेड आहे, पण डोळ्यांना लागत नाही.’

‘लांब बाक आहे. पंखा हळू फिरतो.’

मी मान वर केली. पंखा फिरत होता. फिनेलचा वास गेला होता. त्याच्या जागी काहीतरी आंबट, धातूसारखं… जिभेवर बसणारं. मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. तारीख आजची होती.

‘तू बसलास ते बरं केलंस.’

‘उठू नकोस.’

आणि खरंच, उठावंसं वाटत नव्हतं. अकरा वर्षांची सोबत होती. तो बोलत होता, मी ऐकत होतो. एवढ्या वर्षांनी मला एक माणूस काहीही न लपवता सगळं सांगत होता. अजून थोडं वाचू, मग बघू… असं म्हणत मी आणखी एक मिटवला.

‘ताईला घाई नाही.’

मी तो दोनदा वाचला.

ताईला घाई नाही? माझ्या ताईला? कुकरची तिसरी शिट्टी पुरती होऊ न देणारी बाई ती. वडील गेले तेव्हा रडायच्या आधी तिने खुर्च्या मोजल्या होत्या. तिला घाई नाही?

एकतीस वर्षांत मी एक गोष्ट शिकलो आहे. खोटी बातमी हातात आली की तळवा तापतो. तो तापला. झोप उडाली.

“खोटं आहे,” मी मोठ्याने म्हणालो. हॉलमध्ये कुणी हललं नाही.

फोन वाजला. मी मिटवलं नव्हतं तरी वाजला.

‘बैस.’

एकेक मिटवून हा संपणार नव्हता. यादीच्या तळाशी एक पर्याय असतो, बारा वर्षांत मी ज्याला हात लावला नव्हता, ‘सगळे मिटवा’. मी तिथवर गेलो. फोनने विचारलं, नक्की? उरलेले पुरावे त्यात होते. आणि ‘येतोस ना?’ होतं. ‘उत्तर तरी दे रे’ होतं. त्याच्या बायकोला दाखवायला हवे होते ते शब्द, आणि त्यांच्यावरच माझा अंगठा होता.

“माफ कर, दाढ्या,” मी म्हणालो आणि दाबलं.

पडदा रिकामा झाला. पंखा पुरती एक फेरी फिरला. मग एकच मेसेज आला. रुग्णालयाचा. चार आकडे. पाठवल्याची वेळ एकोणीस मिनिटांपूर्वीची.

अंगण मी कसं ओलांडलं ते आठवत नाही. दारावरच्या माणसाला आकडे ओरडून सांगितले. आत डॉक्टर मुखपट्टी खाली ओढून उभे होते.

“होता कुठे तुम्ही? आणखी पाच मिनिटं आणि…”

“कागद द्या,” मी म्हणालो. सही केली. ती माझी वाटत नव्हती, पण त्यांनी चालवून घेतली.

ताई वाचली. पाऊल गेलं.

रात्री आठला तिला वॉर्डात आणलं. गुंगी होती. चेहरा शांत होता, चादरीचं टोक जिथे खाली बसलं होतं तिकडे मी बघत नव्हतो. तिचा हात हातात घ्यायला गेलो आणि थांबलो.

तिचा उजवा अंगठा हलत होता. चादरीवर. तीनदा टेकला, थांबला. मग दोनदा. थांबला. किंचित डावीकडे सरकून एकदा. मग पुन्हा वर, दोनदा. नीट, न चुकता, जागा ठरलेल्या असाव्यात तसा. नर्स म्हणाली, गुंगीत असं होतं, नसा उडतात.

ताईने आयुष्यात कधी मेसेज लिहिलेला नाही. तिला फोन कानाला लावूनच द्यावा लागतो.

कुठल्या बटणावर कितीदा दाबलं की कुठलं अक्षर उमटतं हे मला डोळे मिटून येतं. मोजलं असतं तर वाचता आलं असतं. हाती लागलेला प्रत्येक कागद वाचणारा माणूस मी. मी तो अंगठा मुठीत घट्ट धरला आणि भिंतीकडे बघत बसलो.

या गोष्टीला आता चार महिने झाले. ताई कुबडी घेऊन घरभर फिरते, कबूल केल्याप्रमाणे ओरडते, आणि त्या दुपारचं तिला काही आठवत नाही. दिवसा तो अंगठा अगदी गप्प असतो. ती झोपली की मी खुर्ची ओढून तिच्या उशाशी बसतो आणि तो मुठीत धरतो. मुठीच्या आत तो चालूच असतो.

मी मोजत नाही.