पाइनखालची माती

रोपवाटिकेत कामाला असलेल्या शेवंताक्कानं पाइनच्या बुंध्याला छातीइतक्या उंचीवर फीत गुंडाळली, आकडा वाचला आणि पुन्हा गुंडाळली. दोन महिन्यांत बुंधा चार बोटं वाढला होता, तोही भर उन्हाळ्यात. कागद गिरणीसाठी लावलेल्या या परदेशी झाडांचं साऱ्या चंदगडला कौतुक होतं. अक्का मात्र कुंपणाकडं बघत राहिली.

पाइन एकटा जगत नाही. त्याच्या मुळांना एक बुरशी लागते, तिचे धागे लांबून पाणी ओढून आणतात. रोपवाटिकेतल्या शास्त्रज्ञ जमादार मॅडमनी त्या बुरशीचं नवं वाण घडवलं होतं. ते पाण्याबरोबर अन्नही आणून देई. तिथली चिमूटभर मातीसुद्धा कुंपणाबाहेर नेऊ नये, अशी सक्त ताकीद होती.

"एवढं अन्न येतंय कुठून, तेच कळेना," मॅडम म्हणाल्या.

अक्काला कळत होतं. कुंपणापलीकडची तिची काजूची बाग उभी वाळत होती आणि पोराचा संसार त्या बागेवर होता. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं?

"म्याडम, चूक झाली. दोन सालांमागं ओंजळभर माती घरी नेली व्हती. काजूच्या आळ्यात घातली. पैल्या साली झाडं अशी तरारली, काय सांगू!"

मॅडमचा चेहरा उतरला. "तेव्हा बुरशी तुमच्या काजूला पाणी पाजत होती. मग तिचे धागे इथवर पोचले. आता काजूचं अन्न पाइनला येतंय."

"मग पाइन तोडा की!"

"तोडला तर बुरशी दुसरं झाड धरेल. जिथं जिथं ती माती गेली, तिथली झाडं मुळासकट उपटून जाळायची. दुसरा इलाज नाही, अक्का."

चाळीस झाडं! पोराला काय तोंड दाखवायचं? अक्कानं पदरानं डोळे पुसले. "उपटा. माझं मी निस्तरीन."

"बोललात ते बरं केलंत. फक्त तुमच्याच बागेत ना?"

अक्कानं नकारार्थी मान हलवली. त्या साली तरारलेली बाग बघून शेजारणी त्या मातीसाठी वाट्या घेऊन आल्या होत्या. विरजण मागायला आलेल्या बाईला कुणी रिकामं पाठवतं का? थोडी पुरते, मुरली की पुढं दुसरीला द्या, असं तिनंच सगळ्यांना शिकवलं होतं.

तिनं बोटांवर नावं घेतली. अकरा झाली. त्यातली एक तर वाटी घेऊन आजऱ्याला माहेरी गेली होती.

"म्याडम," तिनं दुमडलेल्या बोटांकडं बघत विचारलं, "ह्या अकराजणींनी पुढं कुणाकुणाला दिली, ते आता कुणाला इचारायचं?"