एलिसांतेची खेप

डोंगरावर जायच्या आदल्या दिवशी मी आणि मांका मारांगूच्या जुन्या कपड्यांच्या बाजारात लोकरी मोजे शोधत होतो. मांका माझ्याहून लहान, पण डोंगरावर हमाल म्हणून तिच्या कितीतरी खेपा झालेल्या. माझी ही पहिलीच. मी एक गुलाबी जोडी उचलली तशी ती फिसकन हसली.

“लग्नाला चाललीस का गं, न्देशीताई? वरच्या थंडीत असले मोजे म्हणजे नुसती शोभा. हे घे. कुणा म्हाताऱ्याचे असतील, पण ऊब आहे.”

“म्हाताऱ्याच्या पायांचा वास पण आहे.”

“वर गेल्यावर तुझं नाक जागेवर राहिलं तर वास येणार ना!”

मी तेच घेतले. हसत होते, पण माझ्या मनात पक्कं ठरलेलं होतं. मोशी शहरातलं शिवणकाम सोडून मी हमालांत नाव घातलं ते काही हौसेनं नाही. माझा थोरला भाऊ एलिसांते हेच काम करायचा. किबो शिखराच्या पायथ्याच्या निवाऱ्याकडे जाताना, वरच्या उघड्या माळावर, धुक्यात आणि बर्फात तो मागे राहिला तो राहिलाच. डोक्यावर रॉकेलचा डबा होता आणि तंबूचं गाठोडं. त्या खेपेची बाकी सगळी माणसं धडधाकट खाली आली. शोधणाऱ्यांनी पुढे हात टेकले. आमच्यात माणसाला त्याच्या घरच्या केळीच्या बागेतच पुरतात. आईनं एलिसांतेची जागा राखून ठेवली होती आणि तिथे नुसतं गवत माजलं होतं. मी वर जाणार होते, आणि भावाला घेतल्याशिवाय खाली येणार नव्हते.

घरी पोचले तर आई आणखी वाळलेली. कॉफीच्या झुडपाची काटकी बरी. काय होतंय विचारलं तर म्हणाली, “काही नाही, हात दुखतात.”

पाठपिशवी भरून झाली. मग मी अंगणात केळीच्या सुक्या सोपटाची चुंबळ वळायला बसले. दिवस कलत आला होता. किबोवरून धुकं उतरलं आणि बागेत शिरलं. गोठ्यातली गाय रवंथ करायची थांबली. मी उठून आत आले. चुलीवर केळी आणि मांस शिजत होतं, त्याचा वास घरभर होता. बघता बघता त्या वासावर दुसराच वास चढला. रॉकेलचा. ओल्या ताडपत्रीचा.

आई उठली. दाराशी गेली आणि दोन्ही हात वर करून उभी राहिली. डोक्यावर ओझं घेऊन कुणी आलं की ते उतरवून घ्यायला उभं राहतात, तशी. आल्या माणसाला ओझ्याखाली ताटकळत ठेवणं आमच्याकडे दारातून हाकलण्यासारखंच.

“आई… कोण आहे?”

“रोज येतो…” ती वळली नाही. “दे रे बाळा. दे ना…”

दारात कुणी नव्हतं. पण श्वास ऐकू येत होता. तोंडानं ओढलेला, जड, मान ताठ धरलेल्या हमालाचा. उंबऱ्याबाहेरची ओली माती हळूहळू दबत होती, सुटत होती. एका पायावरचा भार कुणी दुसऱ्यावर घेत होतं.

आईचे दंड थरथरायला लागले. “मला देतच नाही गं. रोज उभी राहते. मान मोडेल त्याची…”

मी घाबरले, खोटं कशाला सांगू. पण आईच्या त्या काटकुळ्या हातांकडे बघून पोटातून संताप आला, आणि संतापातच मला कळलं.

“तुला कसा देईल तो? तू मोठी. मोठ्यांच्या हातात कुणी ओझं देतं का? धाकट्यानं घ्यायचं असतं.”

“न्देशी, नको! ती घरची खेप नाही, डोंगरावरची आहे. घेतलीस तर तो जिथे चालला होता तिथे पोचवावी लागेल.”

“मग? उद्या मी तिकडेच चालले आहे.”

मी चुंबळ डोक्यावर ठेवली. आईला बाजूला केलं.

“दादा… दे.”

आधी गारठा उतरला. मग वजन. चुंबळ करकरली, मान खांद्यांत गेली. बाहेर कुणीतरी लांब श्वास सोडला, आणि मोकळी, हलकी पावलं बागेकडे गेली. गाय परत रवंथ करू लागली. आईनं दार लावून घेतलं. किती दिवसांनी तिनं स्वतःहून ताटलीत वाढून घेतलं आणि पोटभर जेवली. मला रडू आलं.

खेप मध्येच उतरवायची नसते, म्हणून मी भिंतीला पाठ टेकून बसूनच झोपले. एकच गोष्ट खटकत होती. मी मान वळवली की डबा आणि गाठोडं माझ्याबरोबर वळायला हवं. हे वळत नव्हतं. थोड्या वेळानं, आपल्या सवडीनं सरकत होतं.

सकाळी निघताना पाहिलं. राखलेल्या जागेवरचं गवत माणसाच्या मापानं आडवं झालं होतं.

डोंगराच्या फाटकाशी हमालांची गर्दी होती. वजनकाट्यावर मला नेमून दिलेली खेप बरोबर भरली. ती मी पाठपिशवीवरच बांधून घेतली. डोक्यावर जागा नव्हती. वाकलेल्या मानेनं उभी होते, तेवढ्यात मांका आली. माझी मान आणि चुंबळ बघून तिनं सवयीनं दोन्ही हात वर केले.

“दे ताई, टेकवते जरा. आत्ताच दमलीस तर…”

तिचे हात हवेतच थांबले. तिनं हळूहळू चाचपलं, पुढून मागेपर्यंत. चेहऱ्यावरचं हसू गेलं. हात ओढून घेऊन ती ते कमरेला गुंडाळलेल्या कांग्याला पुसू लागली.

“ताई… एलिसांतेदादाच्या खेपेतले बाकी सगळे खाली आले होते ना?”

“सगळे.”

“मग डोक्यावर ही… कुणाला घेऊन चाललीस?”

फाटक उघडलं. मी आईनं लावून घेतलेलं दार आठवलं आणि पाऊल उचललं. त्याबरोबर वर, माझ्या केसांत, कुणीतरी पडू नये म्हणून बोटं घट्ट रोवली.