धीराचं कलम

मेंदू-संशोधन केंद्रात डॉ. श्रीरंग खांबेटे यांच्या डोक्यावर आलेखन-टोप चढवला गेला, तेव्हा ते सत्काराला बसल्यासारखे बसले होते. व्यसनमुक्तीवर गावोगाव व्याख्यानं देणाऱ्या या गृहस्थांचा सोळा वर्षांचा मुलगा ओजस दोनदा शाळेच्या गच्चीवर पावडर ओढताना सापडला होता. सगळे उपचार करून झाले होते. आता एकच इलाज उरला होता आणि तो म्हणजे खुद्द ते स्वतः.

"मूल धीर धरायला शिकतं ते आईबापांकडून," संशोधिका डॉ. झरीन इनामदार समजावत होत्या. "ते रडतं, कुणीतरी उचलून घेतं, आणि मेंदूत हळूहळू एक वाट पडते, दुःखाकडून शांततेकडे. ओजसची आई लवकर गेली, तुम्ही कायम दौऱ्यावर. त्याची वाट पडलीच नाही, म्हणून त्याने पावडरीचा आडमार्ग धरला. आम्ही तुमची वाट टिपून त्याच्या मेंदूत रुजवणार. धीरारोपण."

"म्हणजे कलमच की!"

"तसंच. फक्त यंत्राला चांगलं-वाईट कळत नाही. असेल तसं सगळं उचलतं ते. म्हणून विचारते सर, काही सवय? दारू, तंबाखू, गोळ्या?"

"सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही मी," खांबेटे दुखावल्या स्वरात म्हणाले.

"मग शाळेतून फोन आला तो दिवस आठवा."

त्यांनी डोळे मिटले. पडद्यावरची अस्वस्थता दाखवणारी रेघ उसळली, थरथरली आणि बघता बघता सपाट झाली.

"कमाल आहे!" झरीन म्हणाल्या. "काय केलंत त्या दिवशी?"

"काही नाही. मिनिटभर बाजूला गेलो, स्वतःला सावरलं. एवढंच तर शिकायचं असतं पोरांनी."

कलम रुजायला सहा आठवडे लागले. मग चाचणीच्या दिवशी ओजसला टोप चढवून काचेच्या खोलीत बसवलं. बाहेर खांबेटे उभे होते. झरीननी ध्वनिक्षेपकावरून त्याला आईबद्दल बोलायला सांगितलं. चार वाक्यांत पोराचा आवाज फुटला, रेघ वर चढली.

मग त्याचा उजवा हात छातीच्या डाव्या बाजूला गेला. त्याच्या टी-शर्टला तिथे खिसा नव्हता. तरी दोन बोटांनी त्याने काहीतरी काढलं, अंगठ्याच्या नखाने मोडलं, अर्धं तोंडात टाकलं आणि मान मागे टाकून पाण्याशिवाय गिळलं. बोटांत काहीच नव्हतं. रेघ खाली आली नाही. हात पुन्हा छातीकडे गेला. पुन्हा.

"सर," झरीन हळूच म्हणाल्या, "हे आम्ही शिकवलेलं नाही. तुमच्याकडे होतं तेच उतरलंय."

खांबेटेंना झरीन यांचा भयंकर राग आला. बायको गेल्यापासून ते मन शांत करणारी अर्धी गोळी घेत होते, भाषणाआधी, भांडणाआधी, पोराशी बोलायच्या आधी. पण ते औषध होतं, आणि लिहून देणारे डॉक्टर ते स्वतःच होते. व्यसन हा शब्द त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांसाठी राखून ठेवला होता.

 नेहमीप्रमाणे त्यांचा हात आपोआप शर्टाच्या डाव्या खिशाकडे गेला.

काचेपलीकडून ओजस बघत होता. त्याचा चेहरा एकदम निवळला. इतके दिवस बोटं काय शोधताहेत, ते त्याला कळलं होतं.

"बाबा," तो म्हणाला, "उरलेली अर्धी मला दे ना."