ओला अंगठा

खोटं वाटत असेल तर थळला या आणि निकेतच्या पडवीत टांगलेली गिटार बघून जा. निकेत माझा सख्खा मामेभाऊ. त्याच्या नावाने थापा मारून मला काय मिळणार?

गेल्या रविवारची दिवेलागण. निकेत पडवीत बसून शिव्या घालत होता. शनिवारी बहिणीची, कल्पिताची हळद. "दादा, माझ्या हळदीला तूच वाजवायचं," असा तिचा हट्ट.

आणि मांडीवर ही इलेक्ट्रिक गिटार...

मितेशची.

मितेश म्हणजे निकेतचा जिगरी दोस्त. गेल्या वर्षी तापाने गेला. दहाव्याला किनाऱ्यावर पिंड ठेवला, तर कावळा काही शिवेना. आईने हात जोडले, बापाने जोडले. शेवटी निकेत रडत म्हणाला, "मित्या, तुझी गिटार हाय तशीच ठेवीन."

तेव्हा कुठे कावळा शिवला.

पण खाऱ्या हवेने नेकवरचं, म्हणजे गिटारच्या दांडीवरचं पॉलिश चिकट झालेलं. हात सरकेल तर शपथ! निकेतने तारा उतरवून पिशवीत टाकल्या, काचपेपर घेतला, नेक घासघासून कोरी केली आणि नवं लॅकर मारलं.

सकाळी सगळी नेक खडखडीत वाळली होती.

फक्त एक जागा ओली...

अंगठ्याएवढी.

"लाकडाला खार लागला असंल," मामी म्हणाली.

पुन्हा घासलं. पुन्हा लॅकर. पुन्हा ऊन दाखवलं. पुन्हा तीच जागा ओली... आणि आता तिच्यात अंगठ्याच्या रेषा. मधोमध तिरकी चीर.

लहानपणी मितेशच्या अंगठ्यात गळ घुसला होता. तीच चीर.

निकेतला घाम फुटला. पण त्याहून जास्त वैताग आला. हळद तोंडावर आणि हा छळ!

गुरुवारी दुपारी त्याने अंगणाच्या दगडी कुंपणावर, गडग्यावर दहीभात ठेवला. थळचे कावळे कसले, सुकत घातलेल्या मासळीपाशी काठी घेऊन बसावं लागतं. त्या दिवशी मात्र ओळीने बसून राहिले...

काव नाही की फडफड नाही.

"चुकलो, मित्या."

कावळे ढिम्म.

"गिटार तुझ्या आईला नेऊन देतो."

ढिम्म.

निकेतचं डोकं फिरलं. "आयला, मग ये ना! तूच वाजव कल्पिताच्या हळदीला!"

शब्द तोंडातून बाहेर पडतोय तोच...

कावळ्याने घास उचलला.

मामीच्या हातातलं सूप खाली पडलं. "काय बोलून बसलास रं?"

निकेत पडवीत धावला. नेक वाळली होती. खूण गायब.

हळद उद्या आहे. गिटार वेळेवर झाली म्हणून कल्पिता खूश आहे. तिला कुणी काही सांगितलेलं नाही.

मघाशी मी निकेतला फोन लावला. मागे कुणीतरी हळूहळू सूर जुळवत होतं.

"तारा चढवल्यास वाटतं?" मी विचारलं.



"न्हाय रं," तो म्हणाला. "तारा अजून पिशवीतच हाईत."

मलाही हळदीचं आमंत्रण आहे. जावं की नाही, काही कळत नाही.