मारुतीरावांच्या हौदातली दुपार

हे घडलेलं आहे. ज्याच्या अंगावर घडलं तो नागेंद्र बेळगावात नोकरी करतो, पिरनवाडीला फ्लॅटमध्ये राहतो. तुम्ही त्याला रस्त्यात पाहिलंही असेल. हे त्यानं फक्त बायकोला, मंगलला सांगितलं, आणि तेही तिनं तिच्याकडची एक गोष्ट सांगितल्यावर.

रात्र नव्हती. अंधारही नव्हता.

गेल्या मे महिन्यातली भर दुपार. निपाणीपासून सात-आठ किलोमीटरवरचं गाव, आणि गावाच्या मधोमध मारुतीराव पैलवानांची तालीम.

मारुतीराव म्हणजे नागेंद्रचे वडील. सीमेच्या अलीकडं-पलीकडं अशी एक जत्रा नव्हती, जिथं मानाची शेवटची कुस्ती त्यांची लागली नाही. त्यांचा घुटना लोकांच्या तोंडी होता. समोरच्याच्या मानेवर त्यांनी गुडघा टेकवला, की तो गडी आभाळ बघूनच उठायचा.

वर्षापूर्वी ते गेले. तालीम तेव्हापासून बंद.

गावानं ठरवलं, तिथं स्मारक करायचं. कुस्तीच्या हौदातली माती काढून फरशी घालायची, काचेच्या कपाटात गदा आणि फेटे ठेवायचे. मातीची पहिली पाटी मुलानं भरायची. त्यासाठीच नागेंद्र आला होता.

किल्ली आण्णाप्पांकडं होती. मारुतीरावांचे ते जुने जोडीदार, सत्तरी ओलांडलेले. माती काढायची हेच त्यांना पटलं नव्हतं. मजूर चारला येतील, तोवर एकट्यानं आत उतरू नको, असं त्यांनी बजावलं. मग किल्ली हातावर ठेवता ठेवता म्हणाले, "तसं तुला काय सांगायचं म्हणा. तू कुठं आत थांबतोयस?"

नागेंद्र कसनुसा हसला. तो टोला तीस वर्षांचा जुना होता.

पंधरा वर्षांचा असताना, एका पहाटे, त्यानं हौदात सलामी दिली होती. म्हणजे चिमूटभर माती उचलून कपाळाला लावली होती. त्या तालमीचा दंडकच होता. सलामी दिली, की जोड म्हणजे समोर लढायला गडी मागितला, असंच धरायचं. मग कुस्ती धरल्याशिवाय आणि वस्तादानं पाठीवर थाप मारून सुट्टी दिल्याशिवाय हौदाबाहेर पाय काढायचा नाही.

समोर जोड येऊन उभी राहिली... आणि नागेंद्र पळाला. थेट लोंढ्याला, मावशीकडं.

मारुतीरावांचं पोरगं सलामी देऊन पळालं, हे गावभर झालं. वडील मात्र त्याला एका शब्दानं बोलले नाहीत. शिकवलं, नोकरी लागल्यावर पेढे वाटले. फक्त, तालमीत ये, असं मरेपर्यंत पुन्हा म्हणाले नाहीत.

ते न म्हणणंच त्याला टोचायचं.

चारपर्यंत थांबायचा त्याला कंटाळा आला. एक पाटी भरायची आणि निघायचं, एवढंच तर काम. तो बुटक्या दारातून वाकून आत शिरला. शर्ट काढून खुंटीला अडकवला, फोन खिशातच. खोरं-पाटी घेऊन हौदात उतरला.

तांबडी माती. तेलाची माती, ताकाची माती, हळदीची माती. वर्षभर तिला कुणी हात लावला नव्हता.

तरी मऊ होती... आणि ओली.

तो वाकला. पाटीकडं जायचा हात मातीत गेला. मातीतून कपाळाकडं गेला.

लहानपणीची सवय. कळायच्या आत होऊन गेलं.

बाहेर पिठाची गिरणी चालू होती. ती थांबली.

कौलांखाली पारवे घुमत होते. ते गप्प झाले.

आणि मागं... मांडीवर थाप पडली.

शड्डू. एकच.

नागेंद्र वळला. कुणी नव्हतं. खोरं टाकून त्यानं हौदाच्या काठावर पाय ठेवला.

मानेवर हात पडला.

जड, तेलकट हात. त्यानं नागेंद्रला मागं ओढलं आणि पालथं पाडलं. तोंड मातीत गेलं. ओरडायला गेला, तर दातांत माती. दोनदा रांगत काठाशी पोचला. दोन्ही वेळा पाय धरून मागं ओढला गेला... सावकाश, काही घाई नसल्यासारखा.

मग मानेवर गुडघा टेकला.

तो त्यानं ओळखला. याच गुडघ्यावर बसून त्यानं दूध-भाकरी खाल्ली होती.

"आप्पा, सोडा. माझं चुकलं," तो मातीतच बोलला.

वजन तसंच राहिलं. झरोक्यातून आलेलं ऊन हौदाच्या काठावरून सरकत भिंतीवर चढलं. किती वेळ गेला ते कळेना. श्वास पुरेना. शेवटी त्यानं विनवणं सोडलं आणि हात रोवून, होता नव्हता तेवढा जोर लावून अंग उचललं. जन्मात पहिल्यांदा तो लढला.

गुडघा जरासा सैल झाला.

शिकाऊ पोराला वस्ताद मुद्दाम जागा देतो ना... तेवढाच.

मग पुन्हा वजन. पुन्हा जोर. पुन्हा वजन...

"नागू."

दारात आण्णाप्पा उभे होते. मागं मजूर. मानेवर आता काही नव्हतं. आण्णाप्पांनी उकरलेली माती पाहिली, गुडघ्यांचे खड्डे पाहिले. मजुरांना तिथूनच परत पाठवलं.

"ये भायेर," ते हळू आवाजात म्हणाले.

नागेंद्र काठाशी थांबला. पाठीवर थाप पडेल म्हणून वाट पाहिली. पडली नाही. तो तसाच बाहेर आला. कुणी अडवलं नाही.

संध्याकाळी घरी पोचला, तेव्हा मंगल दारातच बसली होती. डोळे रडून सुजलेले.

"तुमचा फोन कुणाकडं होता?"

"शर्टात होता. का गं?"

"दोनला मी केला होता. उचलला कुणीतरी." तिनं त्याचा हात धरला. "मामंजींचा आवाज होता, हो."

नागेंद्रनं फोन पाहिला. दोन वाजून चार मिनिटं. कॉल उचललेला. तीन मिनिटं बोलणं. त्या वेळी फोन खुंटीवर होता, आणि त्यानं रिंगही ऐकली नव्हती.

"काय म्हणाले?"

"मी रडायलाच लागले, तर म्हणाले, रडू नको बाय. नागू हितं माझ्याजवळ हाय. आता त्येची वाट बघू नको."

स्मारकाचं काम तेव्हापासून थांबलंय. नागेंद्र ऑफिसला जातो, जेवतो, चारचौघांत हसतो. मंगल मात्र कधीकधी त्याच्याकडं बघत राहते. घरी आलेला हा माणूस कोण, हे तिला विचारायचं असतं. विचारत नाही.

त्यानंही तिला एक सांगितलेलं नाही.

घरात फरशी आहे. पांढरी, गुळगुळीत, रोज पुसलेली. त्या दिवसापासून ती त्याच्या पायांना ओली लागते...

आणि मऊ.